कोंबडीचा श्वासरोग आणि डी. एन. ए. लस

बंगळूर शहरातील इंदिरानगर या उपनगराच्या उत्तर बाजूने जुना मद्रास रस्ता पूर्वेस होसकोटे व पुढे कोलारकडे जातो. जिवंत कोंबड्यांच्या जाळीदार पिंजऱ्यांनी आणि अंड्यांच्या ट्रेंनी भरलेल्या गाड्या अशाच रस्त्यांनी शहरात येतात. इंदिरानगरातील दुकानात डझनभर अंडी घेणाऱ्या गृहस्थास त्या अंड्यांमागील कोंबडीच्या नाकाची व फुप्फुसांची काळजी करण्याचे कारण सहसा वाटत नाही. परंतु ही काळजी थोडीफार त्याचीही आहे. कोंबडीच्या घशातील घरघर थांबावी म्हणून शेडमधील पाण्याच्या टाकीत जे प्रतिजैविक औषध ओतले जाते, त्याला सरावलेले जंतू पुढे माणसांच्या रुग्णालयापर्यंत पोहोचू शकतात. हे औषध ओतण्याची वेळच येऊ नये, असा एक उपाय शास्त्रज्ञ सुमारे तीन दशके शोधीत आहेत. त्या उपायाची मूळ कल्पना कोणती, आणि कल्पना इतकी सुटसुटीत असताना तो अजून खुराड्यापर्यंत का पोहोचलेला नाही, हे या पाठात पाहावयाचे आहे.

रोगाचे स्वरूप

कोंबडीचा श्वासोच्छ्वास आपल्याहून निराळ्या रीतीने चालतो. छाती व पोट यांना विभागणारा आपल्यासारखा स्नायूचा पडदा तिला नसतो. तिची फुप्फुसे बरगड्यांना घट्ट चिकटलेली असतात व ती फारशी फुगत वा आकसत नाहीत. हवा आतबाहेर ढकलण्याचे काम फुप्फुसांना जोडलेले पातळ वायुकोश करतात. लोहाराचा भाता जसा चालतो तसे ते चालतात. बहुधा असे नऊ कोश असतात आणि त्यांपैकी काहींच्या शाखा हाडांच्या पोकळीतही शिरलेल्या असतात. उडणाऱ्या जिवाला ही रचना फार सोयीची आहे. रोगजंतूंनाही ती तितकीच सोयीची आहे. वायुकोशांच्या पडद्याला रक्तवाहिन्या थोड्या; त्यामुळे तेथे एकदा जंतू रुजला म्हणजे रक्तातील रक्षक पेशी आणि औषध ही दोन्ही त्याच्यापर्यंत उशिरा व अपुरी पोहोचतात.

या श्वासमार्गावर निरनिराळे जीवाणू हल्ला करतात. कुक्कुटपालक ज्याला ‘सीआरडी’ म्हणतात तो जुनाट श्वासरोग मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम या जीवाणूमुळे होतो. चेहरा सुजून नाकातून दुर्गंधी स्राव वाहणारी ‘सर्दी’, म्हणजे कोरायझा, ही ॲव्हिबॅक्टेरियम पॅरागॅलिनेरम या जीवाणूची करणी होय. यांखेरीज कोंबड्यांचा कॉलरा आहे आणि संधी मिळताच घुसणारा ई. कोलाय हा आतड्यातील नेहमीचा जीवाणूही आहे. या सर्वांत मायकोप्लाझ्मा विशेष अभ्यसनीय आहे, म्हणून आपण मुख्यतः त्याचाच विचार करू.

मायकोप्लाझ्मा हा स्वतंत्रपणे वाढू शकणाऱ्या सजीवांपैकी अगदी लहान जीव. बहुतेक जीवाणूंभोवती पेशीभित्तीचे कवच असते. याला ते मुळीच नाही. पेनिसिलिनसारखी औषधे पेशीभित्तीच्या बांधणीवरच घाव घालतात. जेथे भिंतच नाही तेथे घाव कशावर घालावयाचा? म्हणून या रोगावर टायलोसिन, डॉक्सिसायक्लिन अशी निराळ्या जातीची औषधे वापरावी लागतात. त्यांनी लक्षणे दबतात, परंतु कळपातून जंतू समूळ जात नाही. शिवाय आजारी कोंबडीच्या अंड्यातून तो पिल्लात उतरतो; म्हणजे पिल्लू कवच फोडून बाहेर येते तेच रोग घेऊन.

हा रोग कोंबड्या फारशा मारीत नाही. डोळ्यांत फेस येतो, नाक वाहते, रात्री शेडमध्ये शांतता झाली की शिंका व घरघर ऐकू येते. पिल्ले खाद्य खातात, पण अंगी लावीत नाहीत. अंड्यांचा आकडा घसरतो. समजा, दहा हजार कोंबड्यांच्या शेडमध्ये प्रत्येक कोंबडीने वर्षभरात केवळ दहा अंडी कमी घातली, तर एक लाख अंडी गेली. आणि मेलेली कोंबडी एकही दिसली नाही! न दिसणारे नुकसान सोसण्याची माणसाला सवय होते, हे या रोगाचे बळ आहे. खरे मरण पुढच्या पायरीवर येते. मायकोप्लाझ्माने श्वासनलिकेच्या अस्तरावरील बारीक केसांचा झाडू निकामी केला, की ई. कोलायला आत शिरण्यास मोकळी वाट मिळते. ओल्या गादीतून, म्हणजे शेडमधील भुशाच्या थरातून, निघणारा अमोनिया वायू हेच नुकसान आणखी वाढवितो. मग वायुकोशांवर दह्यासारखा पिवळट थर साचतो आणि पक्षी मरू लागतात. जंतू दबा धरून असलेल्या कळपाला मानमोडीची जिवंत लस दिली असता पक्षी अधिकच आजारी पडतात, आणि मग दोष बिचाऱ्या लशीला दिला जातो.

अशा वेळी पालक औषधाकडे धावतो. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने २०१४ मध्ये राजधानीच्या परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले. त्यांपैकी ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. कोलिस्टिन हे औषध माणसांच्या वैद्यकात इतर सर्व उपाय थकल्यावर वापरावयाचे, तेच ई. कोलायच्या भयाने पोल्ट्रीत सर्रास दिले जात असे. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरिता त्याची निर्मिती, विक्री व वापर यांवर बंदी घातली. बंदी योग्यच होती. पण शेडमधील घरघर बंदीच्या हुकमाने थांबत नाही. औषध काढून घेतले तर त्या जागी काहीतरी द्यावे लागते. ते ‘काहीतरी’ म्हणजे चांगली लस.

जुन्या लशी

लसविद्येच्या इतिहासात कोंबडीचे स्थान मोठे आहे. प्रयोगशाळेत जंतू दुर्बल करून तयार केलेली पहिली लस कोंबड्यांच्या कॉलऱ्यावरच होती. लुई पाश्चर यांनी १८७९-८० च्या सुमारास असे पाहिले, की या जंतूची बरेच दिवस ठेवलेली शिळी वाढ टोचली असता कोंबड्या किंचित आजारी पडून बऱ्या होतात आणि पुढे ताज्या, मारक जंतूलाही दाद देत नाहीत. या शोधाचे पडसाद आपल्याकडेही लवकर उमटले. जनावरांच्या रोगांच्या संशोधनासाठी १८८९ मध्ये पुण्यास इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली. १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली आणि तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. मानमोडीचे शास्त्रीय व्यवहारातील नाव ‘राणीखेत’ हे त्याच डोंगराळ भागातील गावावरून पडले आहे, आणि त्या रोगावरील लशीसाठी वापरलेला एक प्रसिद्ध विषाणुप्रकार ‘मुक्तेश्वर’ याच नावाने ओळखला जातो. कोंबड्यांच्या लशी तयार करणारी सरकारी केंद्रे आज पुण्यास औंध येथे आणि बंगळुरास हेब्बाळ येथेही आहेत.

येथे शब्दाविषयी थोडे सांगणे अनुवादकाचे काम आहे. मराठीत ‘लस’ म्हणजे मुळात फोडातून वा जखमेतून पाझरणारा चिकट द्रव. देवीच्या फोडातील असा द्रव टोचला जात असे, म्हणून तो शब्द उपायालाच चिकटला. इंग्रजी शब्दाची गोष्टही अशीच आहे. त्याच्या मुळाशी गायीचे लॅटिन नाव आहे. आता आपण ज्या लशीकडे वळणार आहोत तिच्यात ना फोडाचा द्रव, ना गाय, ना जंतू, ना जंतूचा एखादा तुकडा. तरीही तिला ‘लस’ म्हणण्यास हरकत नाही. नाव मागे राहते आणि वस्तू पुढे जाते, हे भाषेत नेहमीच घडते.

मायकोप्लाझ्मावर दोन प्रकारच्या लशी वापरात आहेत. एकीत मारलेला जंतू तेलात घोळून टोचतात. ती अंड्यांचे नुकसान कमी करते, परंतु टोचण रक्तात प्रतिपिंडे निर्माण करते आणि जंतू बसलेला असतो श्वासनलिकेच्या अस्तरावर; त्यामुळे त्याचा शिरकाव ती पुरता अडवू शकत नाही. दुसरीत दुर्बल केलेला जिवंत जंतू डोळ्यात थेंबाने किंवा फवाऱ्याने देतात. ही अधिक परिणामकारक असते. पण जिवंत जंतू तो जिवंतच. ‘एफ’ नावाचा लशीचा एक प्रकार कोंबडीला सोसतो, परंतु टर्की या मोठ्या पक्ष्याला आजारी पाडतो. शिवाय जिवंत लस थंड ठेवावी लागते, आणि ती घेतलेल्या कळपाला प्रतिजैविक दिले तर लसच मरते.

नमुना पाठविण्याची युक्ती

शरीराला शत्रूची ओळख पटवावयाची असेल तर शत्रूचे एखादे ठळक प्रथिन त्याच्या पुढ्यात ठेवावे लागते. आजवरच्या लशी ते प्रथिन बाहेरून तयार करून आणीत. डी. एन. ए. लस ते शरीराकडूनच तयार करवून घेते. येवल्याहून एखादी पैठणी विणून मागविण्याऐवजी तिच्या काठाचा नमुना आपल्याच गावच्या विणकराकडे द्यावा व त्याने आपल्या मागावर ती विणावी, असा हा प्रकार आहे. नमुना म्हणजे जंतूचे जनुक. माग म्हणजे कोंबडीची पेशी.

हे जनुक प्लास्मिड नावाच्या डी. एन. ए.च्या लहान गोल कड्यात बसवितात. अशी कडी जीवाणूंच्या पेशीत निसर्गतःच आढळतात. जनुकाच्या आधी ‘येथून वाचावयास आरंभ कर’ असे पेशीला सांगणारा एक तुकडा जोडतात. मग हे कडे ई. कोलायच्या निरुपद्रवी वाणात घालून तो मोठ्या भांड्यांत वाढवितात, आणि कोट्यवधी प्रती झाल्या म्हणजे जीवाणू फोडून कडी शुद्ध करून घेतात. ज्या जीवाणूचे भाईबंद कोंबडीचे वायुकोश नासवितात, तोच येथे लस तयार करण्याचा कामगार होतो. ही कडी स्नायूत टोचली, की त्यांपैकी काही पेशीत शिरतात, पेशी त्यांवरून प्रथिन तयार करते, आणि रक्षक पेशी त्या परक्या प्रथिनाची नोंद घेतात. कडे स्वतः वाढत नाही व काही काळाने नष्ट होते.

उंदराच्या स्नायूत नुसते डी. एन. ए. टोचले तरी प्रथिन तयार होते, हे १९९० मध्ये अमेरिकेत वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. त्यातून प्रतिपिंडे उत्पन्न होतात असे १९९२ मध्ये दिसले. १९९३ मध्ये हॅरिएट रॉबिन्सन यांच्या गटाने हा प्रयोग कोंबड्यांवर केला. इन्फ्लुएंझा विषाणूचे एक जनुक टोचून त्यांना पुढे मारक विषाणू दिला, तेव्हा लस दिलेल्यांपैकी सुमारे निम्म्या वाचल्या आणि लस न दिलेल्या जवळजवळ सर्व मेल्या. या विद्येच्या अगदी आरंभीच्या यशांत कोंबडीचा वाटा आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे २००५ मध्ये घोड्यांच्या वेस्ट नाईल तापावर आणि सामन माशांच्या एका विषाणुरोगावर अशा लशींना मान्यता मिळाली. २०१७ मध्ये अमेरिकेत कोंबड्यांच्या एच-५ इन्फ्लुएंझावरील डी. एन. ए. लशीला सशर्त परवाना देण्यात आला. माणसांसाठी जगात सर्वप्रथम मान्य झालेली डी. एन. ए. लस भारतातली आहे. अहमदाबादच्या झायडस कंपनीने कोविडवर तयार केलेल्या झायकोव्ह-डी या लशीस २० ऑगस्ट २०२१ रोजी आपत्कालीन वापराची अनुमती मिळाली.

या यादीकडे नीट पाहिल्यास एक गोष्ट लक्षात येईल. यांतील प्रत्येक रोग विषाणूचा आहे. जीवाणूचा एकही नाही. हा योगायोग म्हणावयाचा काय?

जीवाणूची अडचण

विषाणूला स्वतःचा माग नसतो. तो नेहमी यजमानाच्या पेशीतच आपली प्रथिने विणून घेतो. त्यामुळे त्याचे जनुक कोंबडीच्या पेशीत घातले तर पेशीला त्यात नवे काही वाटत नाही. तयार होणारे प्रथिन हुबेहूब मूळचे असते. जीवाणू मात्र स्वतःचा माग घेऊन जन्मतो, आणि त्याच्या मागाचे नियम थोडे निराळे असतात.

मायकोप्लाझ्माच्या बाबतीत हे निराळेपण फार टोकाचे आहे. सर्व सजीवांत जनुकाची भाषा तीन-तीन अक्षरांच्या शब्दांनी वाचली जाते. त्यांतील ‘यूजीए’ हा शब्द कोंबडीच्या पेशीत, आपल्याही पेशीत, ‘थांबा, प्रथिन पुरे झाले’ या अर्थाचा आहे. मायकोप्लाझ्मा मात्र तोच शब्द ‘येथे ट्रिप्टोफॅन जोडा’ असा वाचतो. एका विणकराची ‘माग थांबव’ ही खूण दुसऱ्या गावी ‘तांबडा धागा घाल’ अशी समजली जावी, तसे हे आहे. म्हणून मायकोप्लाझ्माचे जनुक जसेच्या तसे कोंबडीत घातले तर पेशी पहिल्याच ‘यूजीए’पाशी थांबते आणि हाती काठाचा तुकडा येतो, पैठणी येत नाही. उपाय कठीण नाही. प्रयोगशाळेत जनुक नव्याने लिहून काढावयाचे आणि अशा प्रत्येक ठिकाणी ट्रिप्टोफॅनसाठी कोंबडीला समजणारा शब्द घालावयाचा. आजच्या यंत्रांनी हे काम सुकर झाले आहे. पण ते केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दुसरी अडचण अशी, की कोंबडीची पेशी आपल्या सवयीने बाहेर पाठवावयाच्या प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या चिकटविते. जीवाणूच्या मूळ प्रथिनावर त्या तशा नसतात. मग नेमका जो भाग रक्षक पेशींनी ओळखावयाचा, तोच या भरतकामाखाली झाकला जाण्याचा संभव असतो.

तिसरी अडचण सर्वांत खोल आहे. मायकोप्लाझ्मा आपला वेष बदलतो. त्याची सारी जनुकसंहिता सुमारे दहा लक्ष अक्षरांची, म्हणजे जीवाणूंच्या मानाने अगदी तुटपुंजी. पण या तुटपुंज्या संसारातही त्याने पृष्ठभागावरील एकाच घराण्याच्या प्रथिनांसाठी जनुकांचा मोठा साठा राखून ठेवला आहे. ज्या वाणाची संहिता २००३ मध्ये प्रसिद्ध झाली त्यात अशी ४३ जनुके आढळली. यांपैकी एका वेळी बहुधा एकच चालू असते. कोंबडीने त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे केली, की काही जंतूंत दुसरे जनुक चालू झालेले असते आणि तेच तगून वाढतात. गरीब माणसाने पेटीत एवढे अंगरखे का ठेवावेत, असा प्रश्न पडला तर उत्तर हेच आहे. अशा शत्रूचे एकच चित्र दाखवून पहारेकरी तयार करणे व्यर्थ होय. जे प्रथिन तो बदलू शकत नाही, उदाहरणार्थ अस्तराच्या पेशीला चिकटण्यासाठी लागणारे, ते निवडावे लागते. आणि बहुधा एकाहून अधिक निवडावी लागतात. कोरायझातही असाच पेच आहे. त्या जंतूचे अ, ब, क असे तीन गट आहेत, आणि एका गटाची लस दुसऱ्या गटापासून संरक्षण देईल याची खात्री नसते.

तथापि एक जीवाणू असा आहे, की तो या युक्तीला अनुकूल ठरला. क्लॅमिडिया सिटासी हा जीवाणू पक्ष्यांत श्वासरोग उत्पन्न करतो आणि पक्ष्यांकडून माणसालाही होतो. टर्की पाळणारे व त्यांचे मांस साफ करणारे कामगार त्याने आजारी पडतात. हा जीवाणू विषाणूप्रमाणे पेशीच्या आतच वाढतो. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या डेझी फानरोम्पाय यांच्या गटाने त्याच्या बाह्य आवरणातील मुख्य प्रथिनाचे जनुक प्लास्मिडात घालून ते टर्कींना दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत लस दिलेल्या पक्ष्यांमधील रोगाची तीव्रता स्पष्टपणे कमी झाली. पुढे त्यांनी जनुकातील शब्द यजमानाच्या पेशीला अधिक सोयीचे पडतील असे बदलून आणि लस तुषारांच्या रूपात श्वासावाटे देऊनही प्रयोग केले. पक्ष्यांच्या जीवाणुजन्य श्वासरोगावरील डी. एन. ए. लशीचे सर्वांत चांगले अभ्यासलेले उदाहरण हेच होय. ती बाजारात आलेली नाही. पण मार्ग बंद नाही एवढे तिने दाखविले.

मायकोप्लाझ्मासाठी दुसऱ्या एका गटाने आडवाट काढली. कोंबडीच्या देवीचा दुर्बल विषाणू घेऊन त्यात मायकोप्लाझ्माची जनुके बसविली आणि तो विषाणूच पिल्लाच्या पंखाच्या पातळ पडद्यात टोचला. ही लस काही देशांत विकली जाते. तिला डी. एन. ए. लस म्हणत नाहीत, कारण नमुना नेण्यास येथे जिवंत हरकारा आहे. कल्पना मात्र भावंडाची आहे. तिच्या परिणामांविषयी तज्ज्ञांत एकमत नाही.

कोंबडीच्या शरीराविषयी दोन शब्द

लस घडविणाराला कोंबडीचे शरीर माहीत हवे. उंदरावरून किंवा माणसावरून अनुमान बांधणे पुरत नाही. जीवाणूंच्या डी. एन. ए.ची एक विशिष्ट अक्षररचना सस्तन प्राण्यांच्या रक्षक पेशी टीएलआर-९ नावाच्या ग्राहीने ओळखतात, आणि त्यामुळे डी. एन. ए. लस स्वतःच थोडी धोक्याची घंटा वाजविते. कोंबडीत हा ग्राही नाहीच. तेच काम तिच्यात टीएलआर-२१ हा निराळा ग्राही करतो, आणि लशीतील अक्षरे त्याला जुळतील अशी निवडावी लागतात. डोळ्यात थेंब टाकून लस का देतात, याचेही कारण शरीररचनेत आहे. कोंबडीच्या डोळ्यामागे हार्डर यांच्या नावाने ओळखली जाणारी एक ग्रंथी असते आणि तिच्यात प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी दाटीने असतात. श्वासमार्गाच्या अस्तरावर पहारा बसवावयाचा तर ही ग्रंथी उत्तम ठाणे आहे. परंतु उघडे डी. एन. ए. डोळ्यात वा पाण्यातून दिले तर शरीरातील पाचक द्रव्ये ते तोडून टाकतात. म्हणून ते कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या कायटोसानसारख्या पदार्थाच्या सूक्ष्म कणांत गुंडाळून देण्याचे प्रयोग चालू आहेत.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झालेले एक काम येथे उपयोगी पडेल असे मला वाटते. प्रा. पी. एन. रंगराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या संस्थेच्या सहकार्याने, अलर्करोगावर, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणाऱ्या रोगावर, डी. एन. ए. लस तयार केली. तीत नेहमीच्या मृत विषाणूच्या लशीचा अगदी अल्प अंश मिसळला असता परिणाम पुष्कळ वाढतो, असे त्यांना आढळले. एकट्या डी. एन. ए.ने जे साधत नाही ते जुन्या लशीच्या चिमूटभर जोडीने साधते. रोग निराळा, प्राणी निराळा, जंतूही निराळा. तेव्हा यावरून कोंबडीविषयी निष्कर्ष काढता येत नाही. परंतु मायकोप्लाझ्माच्या तेलातील लशीबरोबर डी. एन. ए. जोडून पाहण्याची सूचना यातून मिळते.

किमतीचा प्रश्न

झायकोव्ह-डी लशीत प्रत्येक वेळी २ मिलिग्रॅम डी. एन. ए. दिले जाई, असे तीनदा, आणि सुईऐवजी जोराच्या झोताने त्वचेत घालणाऱ्या उपकरणाने. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने ठरविलेला भाव एका मात्रेस २६५ रुपये आणि उपकरणासाठी ९३ रुपये असा होता. माणसाच्या जिवासाठी ही रक्कम जड नाही. पण सहा आठवड्यांत विकावयाच्या ब्रॉयलर कोंबडीवर एवढा खर्च केला तर कोंबडीहून लस महाग! कोंबडीची लस पैशांत वा फार तर थोड्या रुपयांत बसली पाहिजे. शिवाय दहा हजार पक्षी एकेक धरून टोचणे हे मजुरीचे, आणि पक्ष्यांना धास्ती देणारे काम. म्हणून जी लस पाण्यातून, फवाऱ्याने किंवा उबवणी केंद्रातच देता येईल, तिलाच शेडमध्ये भवितव्य आहे.

उलट बाजूस एक मोठी अनुकूलताही आहे. डी. एन. ए. उष्णता बऱ्यापैकी सोसते. झायकोव्ह-डी २५ अंश सेल्सिअसला तीन महिने टिकल्याचे सांगितले गेले. हे मोठ्या शेडवाल्यापेक्षा परसात कोंबड्या पाळणारास अधिक मोलाचे आहे. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली ‘गिरिराज’ जात महाराष्ट्रातील खेड्यांत पुष्कळांच्या परिचयाची आहे. ज्या घरी अशा दहा कोंबड्या आहेत, तेथे बर्फात ठेवलेली, शेकडो मात्रांची आणि फोडल्यावर थोड्या तासांत संपवावी लागणारी जिवंत लशीची बाटली काय कामाची? त्या घरची मानमोडीची लसही याच कारणाने चुकते. थंड पेटीवाचून गावच्या बाजाराच्या दिवशी मिळणारी, दहाबारा मात्रांची लस ही त्या घराची खरी गरज आहे.

दोन शंका वाचकांच्या मनात येतील. टोचलेले डी. एन. ए. कोंबडीच्या स्वतःच्या जनुकसंहितेत मिसळले तर? प्राण्यांवरील प्रयोगांत असे मिसळणे अत्यंत विरळ आढळले आहे. तरी परवाना देणाऱ्या यंत्रणा प्रत्येक लशीसाठी ते तपासून घेतात. असे मांस खाणाराला भिण्याचे कारण नाही, कारण प्रत्येक घासाबरोबर आपण कोंबडीचे व भाजीचे डी. एन. ए. खातच असतो आणि ते पचवितो. दुसरी शंका अधिक मार्मिक आहे. प्लास्मिड वाढविताना कडे शिरलेले जीवाणू निवडून काढण्यासाठी त्यात पुष्कळदा एखाद्या प्रतिजैविकाला दाद न देण्याचे जनुक घालून ठेवतात. प्रतिजैविकांचा वापर घटविण्यासाठी काढलेल्या लशीनेच असे जनुक शेडमध्ये पसरवावे, ही विपरीत गोष्ट होईल. म्हणून त्या जनुकावाचून निवड करण्याच्या रीती शोधण्यात आल्या आहेत, आणि कोंबडीच्या लशीत त्यांचाच आग्रह धरला पाहिजे.

लस येईपर्यंत मायकोप्लाझ्मामुक्त मातृकळपाची पिल्ले घेणे, गादी कोरडी राखणे, शेडमध्ये हवा खेळती ठेवणे आणि निरनिराळ्या वयांचे पक्षी एकत्र न ठेवणे हे उपाय हाती आहेतच. लशीचे प्रयोग सध्या विशेषेकरून अंड्याभोवती फिरत आहेत. कोंबडीचे अंडे उबवावयास २१ दिवस लागतात. मारेक या विषाणुरोगाची लस मोठ्या उबवणी केंद्रांत अठराव्या दिवसाच्या सुमारास, अंडी एका यंत्रातून दुसऱ्यात हलवितानाच, बारीक सुईने कवचातून टोचतात. यंत्र ते काम एका तासात हजारो अंड्यांवर करते. त्याच सुईतून डी. एन. ए. लस देता आली, तर पक्षी धरण्याचे श्रम वाचतात आणि पिल्लू जगात येण्यापूर्वीच त्याच्या पेशींना नमुना मिळतो. मात्र आईकडून अंड्यात आलेला मायकोप्लाझ्मा त्याच्याही आधी तेथे पोहोचलेला असू शकतो. तेव्हा ही लस पिल्लांइतकीच त्यांच्या मातांना देऊन पाहावी लागेल.